अर्ध्या मिनिटाची शांतता

सोमवार, ३

डायरी लिहायची माझी ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही आठवड्याच्या आत गळाठल्या, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडतंय आणि सांगायची सोय नाही. नवऱ्याला सांगावं तर तो हसतो, बाबांना सांगावं तर ते काळजी करत बसतात. तेव्हा वहीच बरी.

आज कंपनीतून फोन आला. कंपनी म्हणजे ऐकायची पुस्तकं काढणारी. तिथे एक बाई आवाज तपासते. तिला मी कधी पाहिलेलं नाही, पण भिंतीवरून मुंगी चालली तरी तिला ऐकू येत असेल, म्हणून मी तिचं नाव कानसेन ठेवलंय.

"ताई, वाचता सुरेख तुम्ही. पण मागे सूं येतंय. तिन्ही प्रकरणं परत पाठवतेय."

अकरा वर्षं मी एका मोठ्या दुकानात माइकवरून बोलत होते. चादरी दुसऱ्या मजल्यावर, हरवलेलं मूल चौकशीच्या खिडकीपाशी. मग एक दिवस त्यांनी माझी सगळी वाक्यं रेकॉर्ड करून घेतली आणि मला घरी पाठवलं. माझा आवाज अजून तिथे नोकरीला आहे, मी नाही. आता ही खुनाची कादंबरी महिनाअखेर नीट वाचून दिली तर कायमचं काम मिळेल. नाही दिली तर काय, याचा विचार मी सुरू करते आणि तिथेच सोडते.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे आमच्या आणि बाबांच्या खोलीमधला ट्रंका ठेवायचा कोनाडा. आमच्या बाजूला दार, बाबांच्या बाजूला नुसतं प्लायवुड. आत टेबल, माइक आणि मी, गुडघे पोटाशी घेऊन. हेडफोन लावून परत ऐकलं. खरंच सूं होतं. माउस हलवला की त्यात किर्र. इतके दिवस हे मला ऐकूच कसं आलं नाही? या प्रश्नानेच जास्त घाबरले.

मंगळवार, ४

दुरुस्तीवाला स्क्रूभाऊ येऊन गेला. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर, म्हणून स्क्रूभाऊ. हे नाव त्याला तोंडावर म्हटलेलंही चालतं. त्याने कॉम्प्युटर ओढून पाठ फिरवली.

"वहिनी, हे गुलाबी भोक बघा. माइक इथे लावता ना? ही वाट थेट मदरबोर्डवर जाते. तिथे पंखा, प्रोसेसर, माउस, सगळ्यांची वर्दळ. भर बाजारात उभं राहून कुजबुजताय तुम्ही. बाहेरची डबी घ्या. माइक डबीला, डबीची वायर कॉम्प्युटरला. आवाजाचं सगळं काम डबीत होतं, मदरबोर्डचा संबंधच नाही."

"मदरबोर्डात सोय दिलीय ना कंपनीने?" नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो, त्यामुळे असलेली वस्तू गिऱ्हाइकाला पुन्हा कशी विकतात हे त्याला पक्कं माहीत. "घरात नळ आहे आणि तुम्ही हंडा घ्यायला सांगताय."

"नळाला गढूळ पाणी येतंय त्याचं काय, साहेब?"

"घेऊन टाक गं!" बाबा आतून ओरडले. ते ओरडतातच. जन्मभर मागावर काम केलंय, कान निम्मे तिथेच ठेवून आले. "हत्यार धड नसेल तर कारागिराने काय डोकं फोडायचं?"

स्क्रूभाऊ म्हणाला, महिनाभर वापरा, नाही पटली तर परत घेऊन जातो. रविवारी आणणार आहे. तोवर मदरबोर्डच.

बाबा दिवसभर खुर्चीत असतात हल्ली. झोपतात पण खुर्चीतच. पलंगावर पाठ टेकली की कोंडल्यासारखं होतं म्हणे. म्हातारपणी माणसाच्या काय काय खोडी निघतात!

गुरुवार, ६

आज मी बाबांवर चिडले. लिहिते म्हणजे मोकळी होईन.

पाचवं प्रकरण वाचत होते. इन्स्पेक्टर गच्चीचं दार उघडतो तेवढ्यात पलीकडे बाबांची खुर्ची करकरली. पुन्हा वाचलं. पुन्हा करकर. तिसऱ्यांदा प्रेताशेजारी दोन पानं बिनबोभाट झाली आणि बाबांनी संडासाची टाकी सोडली. आख्खं प्रकरण पाण्यात.

"बाबा, तुम्हाला कळत कसं नाही हो? माझ्या पोटावर पाय येतोय!"

ते बघतच राहिले माझ्याकडे. मग खालच्या आवाजात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने खालच्या आवाजात म्हणाले, "मला ऐकू येत नाही गं खुर्चीचं. तू सांग कसं करायचं ते. मी हूं की चूं करणार नाही."

मग आम्ही पद्धत ठरवली. रेकॉर्डिंग सुरू करताना मी प्लायवुडवर दोनदा ठोकायचं. बाबांनी खुर्ची सोडून पलंगावर आडवं व्हायचं, पलंग वाजत नाही. संपलं की मी तीनदा ठोकेन. मग खोका, उठा, हवं ते करा. ठोकलेलं त्यांना ऐकू येणार नाही, म्हणून ते हात प्लायवुडला लावून पडणार. मागावर असंच कळायचं म्हणे, कुठला धागा तुटला ते हाताला लागायचं.

"आणि तुझा आवाजही हाताला लागतो," म्हणाले. "शब्द नाही कळत. पण तू वाचतेयस ते कळतं."

मला रडूच आलं. चिडायला नको होतं. त्यांनीच आपल्या दोन उशा आणून दिल्या, कोनाड्याच्या फटीत लावायला. एकीवर माझं भागेल म्हणाले.

रविवार, ९

डबी आली! मुठीएवढी, काळी, वर एक गोल खुंटी आणि आवाज फार मोठा झाला की पेटणारा लाल दिवा. स्क्रूभाऊने माइक लावला आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले.

काही नाही. म्हणजे काहीच नाही. माउस हलवला, खिडक्या उघडल्या-मिटल्या, किर्र नाही की सूं नाही. मदरबोर्डावर परत लावून बघितलं तर समुद्रकाठी बसल्यासारखं. पुन्हा डबी लावली, शांत.

"कसं वाटतंय?"

खरं सांगायचं तर भीती वाटली. त्या शांततेत माझं पोट गुरगुरलेलं ऐकू आलं. खालच्या घरात कुणीतरी चमचा ठेवला, तो ऐकू आला. डबी काहीच लपवत नाही. नवऱ्यानेही लावून पाहिलं आणि म्हणाला, "बापरे, हिच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही."

मंगळवार, ११

कंपनीचा नियम असा की प्रत्येक प्रकरणाआधी अर्धं मिनिट न बोलता खोली रेकॉर्ड करायची. नुसती खोली, श्वाससुद्धा दाबून. तो शांततेचा नमुना. कानसेन तो ऐकते आणि त्यावरून ठरवते की मागे काय आहे.

आज मी नमुना घेतला आणि परत ऐकला. त्यात काहीतरी आहे.

खूप बारीक. खर्र असं, ओलसर. आधी हळू येतं, मग चढत जातं, मोठं होतं, मग उतरतं. मग थांबतं. इतकं थांबतं की वाटावं गेलं. आणि पुन्हा हळूच सुरू. माझी पाचावर धारण बसली. पुस्तकात खून चाललाय, मी अंधाऱ्या कोनाड्यात, आणि कानात हे. दार ढकलून बाहेर आले आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळे दिवे लावले. भर दुपारी.

मग स्वतःलाच म्हटलं, बये, विजेचं काहीतरी असणार. चढतं, उतरतं, थांबतं, म्हणजे वीजच. सूं गेलं आणि खर्र आलं. आगीतून फुफाट्यात.

बाबांनी मात्र कमाल केली. दोन तास पलंगावर पडून होते, हूं नाही की चूं नाही. बाथरूमलासुद्धा उठले नाहीत. पूर्वी दुपारी चार-चार वेळा उठायचे. किती सांभाळतात माझं.

बुधवार, १२

स्क्रूभाऊने डबीची वायर बदलली, कॉम्प्युटरचा प्लग दुसऱ्या भिंतीला लावला, कोनाड्यातला बल्ब काढला. मी आता बॅटरीच्या उजेडात वाचते. खर्र आहेच.

"मदरबोर्डावर येत होतं का हे?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग डबीचाच दोष असेल. किंवा वायरिंगचा. किंवा..." तो बराच वेळ स्क्रूड्रायव्हरने कान खाजवत बसला.

"रोग म्हशीला आणि औषध पखालीला," नवरा म्हणाला. "खोलीत उंदीर बघा आधी."

उंदीर! एवढंच राहिलं होतं. ट्रंका बाहेर काढल्या, सगळं झाडलं. उंदीर नाही. बाबा दाराशी उभे राहून बघत होते. नवऱ्याच्या ढगळ सपाता घातल्या होत्या त्यांनी. म्हटलं, तुमचे बूट कुठे गेले? तर म्हणाले, बूट आवळतात आताशा, चामडं आटलं वाटतं. मी म्हटलं, बाबा, चामडं नाही आटत असं. ते हसले आणि खुर्चीत जाऊन बसले. दारापासून खुर्चीपर्यंत जायचं तरी धाप.

शुक्रवार, १४

जीव भांड्यात पडला! आवाज गेला!!

दुपारी आठवं प्रकरण केलं. शांततेचा नमुना तीन-तीनदा ऐकला. स्वच्छ. काल स्क्रूभाऊने डबीसाठी नवा प्लग बसवला होता, त्याचाच हा गुण. फोन करून त्याला सांगितलं, तो इतका खूश झाला की मलाच 'थँक्यू' म्हणाला. कानसेनचाही लगेच निरोप, "वा ताई. असंच पाठवा."

बाबा आज सकाळपासून आत्याकडे गेले होते. मी एकटीच घरात, ठोकायची भानगड नाही, मनसोक्त वाचलं. संध्याकाळी नवऱ्याने त्यांना आणलं. जिन्यात दोनदा बसले म्हणे. पण चेहरा टवटवीत होता. "तुझ्या आत्याकडे ती मोठी आरामखुर्ची आहे ना, तिच्यात दुपारभर झोपलो. काय झोप लागली गं, कितीतरी दिवसांनी!"

म्हटलं, आत्याकडे सगळंच गोड लागतं तुम्हाला. लहानपणापासून.

सोमवार, १७

परत आलं. आधीपेक्षा मोठं.

आता तर मी वाचत असतानाही वाक्यांच्या मधे सापडतं. चढतं, उतरतं, थांबतं. थांबतं तेव्हा जास्त भीती वाटते. का ते कळत नाही. मी मान वळवून प्लायवुडकडे बघते, माझ्या मागे कुणी आहे का म्हणून माझ्याच उशांकडे बघते. बाहेर यावं तर सगळं जागच्या जागी, पंखा बंद, फ्रिज बंद करून ठेवलेला, पलीकडे बाबा गुपचूप पडलेले.

झालं. ठरवलं. डबी परत. मदरबोर्डात हे भूत नव्हतं, तेव्हा मदरबोर्डच बरा. भीक नको पण कुत्रं आवर. सूं येतं ना, तर सूं पुसायचा प्रोग्रॅम असतो, स्क्रूभाऊनेच टाकून दिला. त्याला शांततेचा नमुना द्यायचा आणि सांगायचं, हे जे आहे ते सगळं पुसून टाक. तो आख्ख्या प्रकरणातून तेवढंच वेचून काढून फेकून देतो.

करून बघितलं. सूं गेलं. खर्र तर नव्हतंच. तीन प्रकरणं झटक्यात पाठवली. आज कितीतरी दिवसांनी निवांत जेवले.

डबी खोक्यात घालून दाराशी ठेवलीय. स्क्रूभाऊ वेळ मिळाला की नेईल.

बुधवार, १९

कानसेनने तिन्ही प्रकरणं परत पाठवली.

"ताई, काय केलंत हे? पुसलंत ना? शब्दांची शेपटं गेलीत सगळी. पाण्याखालून बोलल्यासारखं येतंय. असं पुसू नका हो. मागे काय असेल ते असू दे, मला कळू दे, मी बघते. डबीवर केलेलं द्या. पण सोमवारपर्यंत द्या, नाहीतर वरचे लोक दुसरा आवाज घेतील."

दुसरा आवाज. धाबं दणाणलं माझं. स्क्रूभाऊ डबी न्यायला आला नाही हे नशीब. खोकं उघडून पुन्हा लावली. उद्या दुपारी बसायचं, भूत असो की प्रेत, तीनही प्रकरणं एका बैठकीत.

बाबांना सांगितलं, उद्या जास्त वेळ लागेल हं. "लागू दे," म्हणाले. "मी काय, पडून तर राहायचंय." पाय सुजलेत त्यांचे. मोज्याची खाच घोट्यावर उमटलीय, बोट दाबलं तर खळगा राहतो. विचारलं, गोळ्या घेताय ना नीट? तर म्हणाले, हो हो. डॉक्टरांकडे सोमवारनंतर जाऊ. आधी हे पुस्तक संपू दे.

शुक्रवार, २१

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. नवरा म्हणाला घरी जा, थोडं पड. मी जाणार नाही. वही मांडीवर आहे, अक्षर लागणार नाही नंतर, पण लिहिल्याशिवाय मला श्वास येणार नाही.

काल दुपारी दोनदा ठोकलं. पलीकडून बाबांनी पण दोनदा ठोकलं, म्हणजे आडवे झाले. शांततेचा नमुना घेतला. खर्र होतं. मी दात आवळले आणि वाचायला लागले. एक प्रकरण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात तो आवाज एवढा वाढला की मला माझीच वाक्यं दिसेनात. पुस्तक आपटलं आणि ठरवलं, आज याचा सोक्षमोक्ष लावायचाच. ठोकायचं राहिलं. तीनदा ठोकायचं राहिलंच. रागाच्या भरात मी विसरले.

हेडफोन डोक्यावर तसेच ठेवले, माइक स्टँडवरून काढून हातात घेतला. वायर लांब आहे. स्क्रूभाऊ म्हणाला होता, आवाज कुठून येतो ते शोधायचं तर माइक घेऊन फिरा. कॉम्प्युटरसमोर धरला, कमी झाला. प्लगसमोर धरला, आणखी कमी. छताला धरला. मग प्लायवुडला लावला आणि कानात एवढं मोठं आलं की डबीचा लाल दिवा पेटला.

मी वायर ओढत बाबांच्या खोलीत गेले. अजून मला कळलं नव्हतं. खरंच सांगते, दारातून आत जाईपर्यंत मला वाटत होतं की त्या भिंतीत काहीतरी आहे.

बाबा उताणे पडले होते, एका उशीवर. एक हात प्लायवुडला लावलेला. दुसऱ्या हाताने टॉवेल तोंडावर घट्ट दाबून धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. ओठ निळे झाले होते. कपाळावर घाम. डोळे उघडे, माझ्याकडे. माझ्या हातातला माइक त्यांनी बघितला आणि टॉवेल आणखी दाबला.

आणि माझ्या कानात, दोन्ही कानात, तो आवाज. चढत होता.

मी हेडफोन फेकले. "बाबा! बाबा, काय करताय हे?"

त्यांनी टॉवेल काढला. बोलायला दम नव्हता. एकेक शब्द आला.

"झालं का गं? ठोकलं नाहीस. बसू का आता?"

शनिवार, २२

काल रात्री नाकावर मास्क होता. आज बोलतात, पण दोन शब्दांनंतर थांबतात. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हृदय थकलंय, त्यामुळे छातीत पाणी साठत होतं. अशा माणसाला आडवं झालं की गुदमरतं, म्हणून ते बसून झोपत होते. "तीन-चार उशा घेऊन पडत असतील ना?" त्यांनी विचारलं. दोन उशा माझ्या कोनाड्यात होत्या.

"श्वास असा चढून, उतरून, मधेच थांबतो. घरी कधी लक्षात आलं नाही का?"

काय सांगू? ऐकत होते हो मी. रोज दुपारी हेडफोन लावून ऐकत होते. वायर बदलली, प्लग बदलला, उंदीर शोधला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. भूत समजून डबी परतसुद्धा पाठवत होते.

मग त्यांनी विचारलं, "पाणी काढायची जी गोळी होती, लघवी जास्त होते ती, ती कधी बंद केली? आणि कुणी सांगितलं?"

मला माहीतच नव्हतं. आत जाऊन बाबांना विचारलं. त्यांनी मान पलीकडे वळवली, चोरी पकडल्यासारखी.

"ती घेतली की सारखं उठावं लागतं. टाकी वाजते." दम घेतला. "तुझं प्रकरण पाण्यात जातं."

मी तिथे पलंगाच्या दांड्याला धरून उभी राहिले. त्यांना वाटलं मी पुन्हा चिडले. "आता घेतो गं," म्हणाले.

मंगळवार, २५

सोमवार उलटला. मी कंपनीत काही कळवलं नव्हतं. आज कानसेनचाच फोन. मी सगळं सांगितलं, रडत, अर्धवट, उलटसुलट. ती म्हणाली, "ताई, तुमच्या त्या सहाव्या प्रकरणाचा नमुना मी ऐकला होता. मला वाटलं, कुणीतरी शेजारी झोपलंय, घोरतंय. मी पण विचारलं नाही." मग म्हणाली, वरच्यांना मी सांगते, येत्या रविवारपर्यंत द्या.

नवरा हॉस्पिटलात थांबला आणि मला घरी पाठवलं. मी कोनाड्यात बसले. सवयीने दोनदा ठोकलं आणि ठोकल्यावर कळलं.

डबीवर अर्धं मिनिट नमुना घेतला. ऐकला. काही नाही. लांबवर कुणाचं तरी दार वाजलं, तेवढंच. महिनाभर हीच शांतता मी मागत होते. इतकी स्वच्छ, की मला तिच्यात बसवेना. वाचायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. हेडफोन काढले, परत लावले. सारखं वाटत होतं, आता येईल. थांबलंय नुसतं, आता येईल.

फोन वाजला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. नवरा होता. बाबांनी पेज मागितली, हे सांगायला.

नमुना तेवढा पाठवला. कानसेनचं उत्तर आलं, "ताई, एवढी स्वच्छ खोली आजवर कुणाची आली नाही." वाचून मी फोन उलटा ठेवला.

रविवार, ३०

बाबांना काल घरी आणलं. स्क्रूभाऊने आणि नवऱ्याने खुर्चीत बसवून जिना चढवला. स्क्रूभाऊ जाताना दाराशी घुटमळला, "वहिनी, डबी... महिना संपत आला. परत नेऊ का ठेवताय?" नवराच म्हणाला, "ठेवा. तिने मदरबोर्डावरच केलं असतं तर..." आणि रिकामं खोकं माळ्यावर टाकायला गेला. पखालीचा विनोद आता तो करत नाही.

उशा परत दिल्या. खुर्ची प्लायवुडला लावून ठेवलीय. गोळी मी स्वतः देते, समोर उभी राहून, आणि टाकी वाजली की मला बरं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपायला लागेल. कायमचं. किती दिवसांचं कायमचं, ते मी विचारलं नाही.

आज उरलेलं शेवटचं प्रकरण. कानसेनला कळवून ठेवलं होतं, मागे खुर्ची वाजेल, माणूस खोकेल, मी थांबवणार नाही आणि पुसणार नाही. घ्यायचं तर घ्या. ती म्हणाली, पाठवा तर खरं, मग वरच्यांशी भांडू.

आत बसले, डबी लावली, हेडफोन चढवले. अर्धं मिनिट शांतता. त्यात बाबांचा श्वास. आता तो ओला नाही, पण चढतो, उतरतो, आणि कधी कधी अजून थांबतो. थांबला की माझाही थांबतो. अर्धं मिनिट होऊन गेलं, एक झालं, दोन झाली, मी नुसती ऐकत बसले. पान उघडं होतं. वाचायला सुरुवात केली की ऐकू येणार नाही, म्हणून माझी हिंमतच होईना. थांबला. आला. पुन्हा थांबला.

तेवढ्यात प्लायवुडवर टक टक. त्यांच्या बाजूने.

"काय झालं गं?" बाबा ओरडले. हेडफोनमधून कान फाटायची वेळ, लाल दिवा पेटला. "वाचत का नाहीस? हाताला काहीच लागत नाहीये! तू गप्प बसलीस की मला भीती वाटते!"

मी भिंतीला हात लावला आणि वाचायला लागले. मधे तीनदा खुर्ची करकरली, एकदा ते खोकले. मी कुठेच थांबले नाही.